गॅलनला अठरा मैल

चार लिंबं.

एक खिडकी, जी पुरती उघडत नाही आणि पुरती मिटतही नाही.

झेंडूची चव्वेचाळीस फुलं. माळ एकच होते.

तीन मिनिटं, मग घंटी.

मागच्या बंपरला पोचा. फार मोठा नाही.

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. वरच्या पाचही गोष्टी माझ्याच आयुष्यातल्या. त्या सांगण्याआधी एक कबुली देते: मी फार मत्सरी आहे. चांगल्या वस्तूनं असं असू नये म्हणतात. मी होते, अजूनही आहे.

माझा जन्म १९९६ सालचा, मिशिगनमधल्या एका कारखान्यातला. गडद लाल रंग, सात सीटा, सरकतं दार. उल्हासकाका आणि अहिल्याकाकूंनी मला नवी कोरी घेतली. ॲन आर्बर आमच्या गावापासून अर्ध्या तासावर. तिथल्या मंडळाच्या गणपतीचं मखर, घडीच्या खुर्च्या, मसालेभाताची पातेली, सगळं माझ्या पोटातून गेलं. त्यांची मुलगी इशिता माझ्या मागच्या सीटवर लहानाची मोठी झाली. तिचे रंगीत खडू उन्हात वितळले, त्याचा जांभळा डाग अजून माझ्या गालिच्यावर आहे. दर दसऱ्याला काकू परसातल्या झेंडूची माळ माझ्या नाकावर बांधत आणि चाकांखाली लिंबं ठेवत. मला वाटे, ही माळ माझीच.

काकू मूळच्या नागपूरच्या, आमच्या गावात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. घर गरम ठेवण्याचं बिल भरता यावं म्हणून कोण थंडीत गोळ्या अर्ध्या करून खातं, हे त्यांना ठाऊक असे. म्हणूनच २००३ साली त्या नगर परिषदेला उभ्या राहिल्या आणि एकसष्ट मतांनी निवडून आल्या. परिषदेत सात जण. सहा एका बाजूला, सातव्या काकू. विरोधी पक्ष म्हणजे आत एकट्या काकू आणि बाहेर पार्किंगमध्ये मी.

निकालाच्या दिवशी त्यांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली. म्हणाल्या, "जिंकलो गं आपण." आपण. तो शब्द मी चार वर्षं पुरवून वापरला.

मग २००७ आलं. आसपासचे कारखाने बंद पडत होते. परिषदेचे प्रमुख मिस्टर हॅलोरन यांनी एक ठराव आणला: प्रत्येक घराच्या विजेच्या आणि गॅसच्या बिलावर कार्बन कर. त्याच ठरावात गावाबाहेरच्या नव्या उद्योगवसाहतीला दहा वर्षं सगळे कर माफ. काकू उभ्या राहून म्हणाल्या, हे उलटं आहे. ज्यांची घरं जुनी आणि भाड्याची, त्यांनी भरायचं, आणि ज्यांच्या भट्ट्या आहेत त्यांना सूट. नोव्हेंबरात निवडणूक होती. काकूंची जागा आणि हा ठराव, दोन्ही पणाला लागलं.

त्यावर गावच्या वर्तमानपत्रात कुणीतरी पत्र लिहिलं: बाई कराला विरोध करणारच, त्या स्वतः गॅलनला अठरा मैल देणारी व्हॅन चालवतात.

मित्रांनो, पेपरात नाव आलं की अभिमान वाटावा. मला लाज वाटली.

काकूंच्या प्रचाराचं काम देवदत्त बघायचा. पुण्याचा, कंप्युटरवाला.

"काकू, गाडी बदला," तो माझ्याच सीटवर बसून म्हणाला. "इमेज खराब होतेय. हायब्रिड घ्या, अर्धी विजेवर चालणारी. बाजूला उभ्या राहा, मी फोटो काढतो, वेबसाइटवर टाकतो. विषय संपला."

"आणि हिचं काय?"

"डोनेट करा. रेडिओ स्टेशनवाले देणगी म्हणून जुन्या गाड्या घेतात, टो करून नेतात, फुकट."

काकूंनी विक्रेत्याचा नंबर लिहून घेतला. ते मला देवदत्तच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

हायब्रिड दोन आठवडे आधीच तयार होती, पण उल्हासकाका दसऱ्यासाठी अडून बसले. शेवटी शनिवारी विक्रेत्यानं ती सुरू करून दिली, देवदत्तनं घरापर्यंत आणली आणि काकांनी गॅरेजात चादर घालून झाकून ठेवली. मुहूर्त रविवारचा. गॅरेज म्हणजे माझी जागा. मी रात्रभर बाहेर, ड्राइव्हवेच्या तोंडाशी, काचांवर बर्फाची साय धरून. चादरीखालून तिचा एक चंदेरी कान दिसत होता. अकरा वर्षांत मला कुणी चादर घातली नव्हती.

रविवारी पहाटे परसातला झेंडू थंडीनं काळा पडला. इशितानं वेचून वेचून फुलं आणली. चव्वेचाळीस.

"आई, दिस इज ऑल. एकच माळ होईल."

माळ त्या नवीला गेली.

मी म्हटलं, तुटो. मित्रांनो, मी खरंच असं म्हटलं.

हळदकुंकू झालं, तिला गॅरेजाबाहेर ढकलून माझ्या मागं उभं केलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. देवदत्त कॅमेरा घेऊन वाकला. "काकू, बसा तुम्ही. आणि हसा जरा, शपथविधी नाहीये."

काकूंनी बटण दाबलं. आवाज नाही.

"चालू झालीच नाही ही."

"इट्स ऑन, आई! ती अशीच क्वाएट असते. डी टाक."

काकूंनी गिअर टाकला. तरी आवाज नाही. आता इथं काय झालं ते नीट ऐका. मी सकाळी गार असले की बंद पडते. म्हणून काकूंना अकरा वर्षांची सवय: गुरगुर ऐकू येईपर्यंत ॲक्सिलरेटर दाबायचा. त्यांनी दाबला. गुरगुर आली नाही. आणखी दाबला.

लिंबं फुटली. हायब्रिड सरळ माझ्या पाठीत शिरली. तिचा दिवा गेला, नाक चेपलं, माळ तुटून फुलं डांबरावर विखुरली. मला एक पोचा.

"अरे देवा!" उल्हासकाका ओरडले. "मुहूर्त!"

"काका, मुहूर्त सोडा, फोटो आलाय," देवदत्त म्हणाला. "पण वेबसाइटवर टाकण्यासारखा नाही."

काकू आधी घाबरल्या, मग पायरीवर बसून हसत सुटल्या. मी हललेसुद्धा नव्हते. पण ती चूक माझीच, कारण ती सवय मी लावलेली. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

हायब्रिड दुरुस्तीला गेली. गुरुवारी ग्रंथालयाच्या हॉलमध्ये वादसभा होती, म्हणून काकूंना मलाच न्यावं लागलं. इशिता शेजारी बसली होती.

"आई, यू नो मला कर हवाय. क्लायमेट इज रिअल."

"मलाही हवाय गं."

"मग ते का म्हणत नाहीस? तू फक्त नो, नो करतेस. एव्हरीवन थिंक्स की तू व्हॅन वाचवतेयस."

वाटेत मिसेस कोवाल्स्कींचं भाड्याचं घर लागलं. त्या ऐंशी वर्षांच्या, काकूंच्या दुकानातल्या जुन्या गिऱ्हाईक. घरमालकानं त्याच दिवशी त्यांची एक खिडकी बदलली होती आणि जुनी, चौकटीसकट, कचऱ्यासाठी रस्त्याकडेला ठेवली होती. काकूंनी मला थांबवलं. दोघींनी माझी मधली सीट काढून त्या अंगणात ठेवली आणि खिडकी आत आडवी घातली. हायब्रिडमध्ये ती मावली नसती. हे मी पुन्हा सांगते: मावली नसती.

हॉलचं दार उघडं होतं, मी समोरच उभी होते. मला सगळं ऐकू आलं.

प्रत्येकाला तीन मिनिटं. मिस्टर हॅलोरन गोड आवाजात म्हणाले, "आमच्या सहकारी बाई कशातून आल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलंच." लोक हसले.

काकूंनी खिडकी टेबलावर उभी केली.

"हो, व्हॅनमधून आले," त्या म्हणाल्या. "गॅलनला अठरा मैल. तुमच्या ठरावात माझ्या व्हॅनवर एक सेंटही कर नाही, वाचून बघा. या खिडकीवर आहे. हिच्यासारख्या बाकीच्या खिडक्यांच्या फटींतून जी ऊब बाहेर जाते, तिचे पैसे ऐंशी वर्षांची बाई भरणार. वसाहतीतल्या भट्टीला मात्र माफी. कर लावा, मी पहिला हात वर करते. पण भट्टीवर लावा. आणि आधी माझ्या व्हॅनवर लावा."

घंटी वाजली. कुणी हसलं नाही. मग टाळ्या.

मित्रांनो, दोनशे माणसांसमोर माझी धनीण माझ्याबद्दल बोलली. हायब्रिडबद्दल एक शब्दही नाही. त्या माझ्यावर कर मागत होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त 'माझ्या' एवढंच ऐकू आलं.

काकू एकोणतीस मतांनी निवडून आल्या. ठराव रद्द झाला नाही, पुन्हा लिहिला गेला. वसाहतीची माफी गेली, भाडेकरूंना सवलत आली, आणि जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना घराबाहेर उभं राहण्यासाठी जबर फी लागली. गॅरेजात तर हायब्रिड होती. त्या कलमावर पहिला हात काकूंचाच वर गेला.

एप्रिल २००८ मध्ये मला न्यायला रेडिओ स्टेशनचा ट्रक आला. इशितानं जांभळ्या डागाचा फोटो काढला. काकूंनी बॉनेटवर हात ठेवला, थाप मारली नाही. म्हणाल्या, "मी शब्द दिला होता गं." मी रागावू शकले नाही. मी धूर सोडत होते, हे खरंच आहे.

आता मी एका मोठ्या मैदानात उभी आहे, शेजारी माझ्यासारख्याच खूप गाड्या. यंदाच्या दसऱ्याला त्या हायब्रिडला माळ मिळाली असेल का, हे मी रोज स्वतःला विचारते. दुरुस्तीनंतर तिचं नाक नीट बसलं नसावं, अशी आशा करते.

मित्रांनो, नवी वस्तू जरूर आणा. हवा स्वच्छ राहायला हवी, इशिताला अजून पुष्कळ जगायचं आहे. पण जुनीला निरोप देताना तिच्या काचा पुसा. आणि फुलं कमी असली, तर दोन तरी तिच्यासाठी बाजूला ठेवा.

ती चव्वेचाळीस फुलं ज्यांना आली, ती झेंडूची सहा रोपं २००७च्या जूनमध्ये नर्सरीतून घरी आली होती, माझ्या मागच्या सीटवर बसून, पट्टा लावून.