सिस्टर खुर्चीत बसल्या

लहान मुलांचा वॉर्ड नव्या इमारतीत हलवायचं काम रुग्णालयाने इन्चार्ज सिस्टरांकडे सोपवलं आणि वर प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राची परीक्षाही द्यायला सांगितली. पन्नाशीत पुन्हा पुस्तकं उघडायची म्हणून सिस्टर धास्तावल्या. पण घरात धाकटी जाऊ होती आणि ती ही परीक्षा आधीच पास झालेली होती.

जेवणं आटोपली की दोघी टेबलाशी सरावाला बसत. सिस्टरांचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. काम रखडलंय, टीममधल्या दोघांचं पटत नाही, व्यवस्थापकाने आधी काय करावं?

"काम स्वतः उरकून टाकावं," सिस्टर बेधडक सांगायच्या.

"ताई, चूक!" धाकटी हसून बेजार व्हायची. "आधी त्या दोघांशी बोलायचं. तुम्ही प्रत्येक प्रश्नात बाह्या सरसावून धावताच!"

"मग काय, हातावर हात ठेवून बसू?"

"बसून तर बघा."

सिस्टरांना ते लागलं, कारण खरं होतं. आजवर वॉर्डातली चादरसुद्धा त्यांनी दुसऱ्याला धड घालू दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्सेस, आया, लिफ्टमन अशा सगळ्यांना बोलावून विचारलं, "हलवताना काय काय बिघडू शकतं?" आधी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सिस्टर विचारतायत, हेच नवल होतं. मग मात्र सगळे एकदम बोलायला लागले. लिफ्ट बंद पडेल. ऑक्सिजन कमी पडेल. पोरं भोकाड पसरतील.

"पोरांना विचारलंय का कुणी?" एक नर्स म्हणाली.

सगळे हसले, पण सिस्टर खरंच विचारायला गेल्या. पायाला प्लास्टर घातलेली एक चिमुरडी ठसक्यात म्हणाली, "मी सगळ्यांच्या पुढे जाणार."

हलवायच्या दिवशी लिफ्ट अडकलीच. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या सिस्टर ताडकन उठल्या. तोवर लिफ्टमन आणि नर्सेसनी चाकाच्या खुर्च्या मागच्या उताराकडे वळवल्याही होत्या. ठरलंच होतं तसं. सिस्टर पुन्हा बसल्या.

त्यांना बसलेलं पाहून डॉक्टर घाबरले. "सिस्टर, बरं नाही का तुम्हाला?"

"काम करतेय," सिस्टर म्हणाल्या.

उतारावरून वरात निघाली. सर्वांत पुढे प्लास्टरवाली, "डावीकडे! हळू! मागचे, गप्पा नकोत!" असं ओरडत. रडायचं कुणाला सुचलंच नाही. खिदळणारी पोरं बघून सिस्टरांचेच डोळे भरून आले.

पुढच्या आठवड्यात परीक्षा झाली. संगणकाच्या पडद्यावर 'उत्तीर्ण' उमटलं आणि त्या शांत खोलीत सिस्टरांच्या तोंडून चक्क आरोळी निघाली. देखरेखीच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, मग हळूच "अभिनंदन" म्हणाल्या.

बाहेर धाकटी नखं खात उभी होती. सिस्टरांनी चेहरा पाडून बघितला, पण हसू काही दाबता येईना.

"झालात ना पास? मेलं, जीव टांगणीला लावलात की माझा!" धाकटीने भर रस्त्यात त्यांना मिठी मारली.

मग समोरच्या दुकानातून दोघींनी भलीमोठी आइस्क्रीमं घेतली आणि शाळकरी पोरींसारख्या एकमेकींची चाखत, हात चिकट करून घेत, लांबच्या वाटेने घरी निघाल्या.