'इतर'च्या रकान्यात

गावकचेरीतल्या कारकुनाला सगळं गाव रकानेभाऊ म्हणायचं. माणूस समोर आला की याला कुठल्या रकान्यात बसवायचं हे ते मनातल्या मनात आधी ठरवायचे आणि मगच 'या, बसा' म्हणायचे. दर दहा वर्षांनी गावाची मोजणी व्हायची, तेव्हा तर त्यांच्या अंगात वारं भरायचं. गेल्या खेपेस गावात चारशे बारा डोकी भरली होती. त्यात नदीकाठचे दोनशे सत्तर, रुंद चेहऱ्याचे, मोठ्या आवाजाचे. डोंगरातले एकशे एकवीस, घाऱ्या डोळ्यांचे, चालताना कायम पुढे झुकणारे. मिठागरवाले वीस, तीन पिढ्यांपूर्वी आलेले, पण अजून 'नवे' म्हणवले जाणारे. आणि शेवटी 'इतर'. तिथे आकडा होता एक.

तो एक म्हणजे रकानेभाऊंची बायको.

तरुणपणी रस्त्याच्या कामावर हिशेबनीस म्हणून ते दूरच्या पठारावर गेले होते आणि तिथून येताना लग्न करून हिला घेऊन आले. गालाची हाडं वर, केस सुतासारखे सरळ, रंग तापवलेल्या तांब्यासारखा. सुरुवातीला बायका काहीतरी निमित्त काढून तिला बघायला यायच्या. रकानेभाऊ वरवर चिडायचे, आतून सुखावायचे. अख्ख्या गावात असं माणूस एकच, आणि ते आपल्या घरात!

वर्षभरात ती इथली भाषा शिकली. अगदी शुद्ध. पण प्रत्येक शब्द डब्यातून मोजून काढल्यासारखा. त्यामुळे बोलणं कमीच. शेजारणी तिला अबोलीवहिनी म्हणू लागल्या. "आमची ही स्वभावानेच शांत," असं रकानेभाऊ चारचौघांत सांगायचे. पंचवीस वर्षं सांगत आले होते.

मग आरोग्य केंद्रात नवी नर्स बदलून आली. चाळिशीतली, ठसठशीत, एकटी. रुजू होण्याचा कागद द्यायला ती कचेरीत आली, तेव्हा तिचं जन्मगाव वाचून रकानेभाऊ खुर्चीतून उठलेच. त्याच पठारावरची! घरी जाऊन त्यांनीच मोठ्या उत्साहाने बायकोला सांगितलं. पुढे या गोष्टीबद्दल त्यांनी स्वतःला पुष्कळ बोल लावले.

अबोलीवहिनी दुसऱ्या दिवशी दुपारी आरोग्य केंद्रात गेली ती दिवे लागायच्या वेळेला परत आली. मग रोजच जाऊ लागली. रकानेभाऊ कचेरीतून येत, तर घराला कुलूप. चहा स्वतः करायचा, बशी स्वतः विसळायची.

"काय बोलता एवढं?" एकदा त्यांनी विचारलं.

"काही नाही, असंच."

"असंच म्हणजे?"

तिने जरा विचार केला. "तुमच्या भाषेत सांगायला गेलं तर दोन ओळी होतात."

'तुमच्या' हा शब्द रकानेभाऊंना चांगलाच खटकला. पंचवीस वर्षं संसार केला, तरी भाषा आपली 'तुमची'च राहिली?

त्या आठवड्यात लसीच्या यादीवर सही हवी होती. शिपायाला पाठवता आलं असतं, पण रकानेभाऊ स्वतः गेले. केंद्राच्या खिडकीखाली पोचतात तोच आतून एका बाईचा आवाज आला. काय आवाज तो! चढतोय, उतरतोय, मधेच कुणाची तरी नक्कल करतोय, मांडीवर थाप मारून पुन्हा सुरू होतोय. नर्सबाईंकडे कुणी पाहुणी आलेली दिसते, असं त्यांना वाटलं. त्यांनी टाचा उंच करून आत डोकावलं.

बोलत होती त्यांची बायको. पदर खोचलेला, हात हवेत. नर्स पोट धरून हसत होती. मग अबोलीवहिनीने घसा खाकरला, डोळे बारीक केले, हवेतल्या हवेत एक शिक्का उचलला, त्यावर फुंकर मारली आणि टेबलावर दाणकन आपटला. दोघी हसून हसून एकमेकींवर रेलल्या.

शिक्का मारण्याआधी फुंकर मारणारा माणूस गावात एकच होता.

सही न घेताच रकानेभाऊ परतले. नक्कल केली याचं त्यांना तेवढं वाईट वाटलं नाही. नक्कल उत्तम होती. त्यांचा जळफळाट वेगळाच होता. ही बडबडी, टारगट, खळाळून हसणारी बाई होती कुठे इतकी वर्षं? आपल्या ताटात वाढणारी, आपल्या शेजारी झोपणारी बाई ती नव्हे. खरी बाई त्या परक्या नर्सला तीन आठवड्यांत भेटली, आणि आपल्याला पंचवीस वर्षांत नाही! एखादा पुरुष असता तर भांडता तरी आलं असतं. नर्सबाईंशी भांडायचं कशावरून?

आणि नेमकी मोजणी आली.

रकानेभाऊंनी पहिलं घर स्वतःचं भरलं. बायकोच्या ओळीवर आल्यावर पेन 'इतर'पाशी थांबलं. तिथे लिहिलं असतं तर आकडा दोन झाला असता. ती आणि नर्स, शेजारी शेजारी, एकाच चौकटीत. बाकी सगळं गाव, खुद्द नवरासुद्धा, चौकटीबाहेर. त्यांनी पेन डावीकडे सरकवलं आणि बायकोला आपल्याच 'नदीकाठचे'मध्ये टाकलं. भाषेच्या पुढेही तेच. मग नर्सबाईंची ओळ भरली. इतर, एक. 'राहा एकटी,' असं ते मनात म्हणाले, आणि शिक्का नेहमीपेक्षा जोरात मारला.

याद्या कचेरीबाहेरच्या फळ्यावर आठ दिवस लावायच्या असा नियम होता. तिसऱ्या दिवशी अबोलीवहिनी खिडकीशी येऊन उभी राहिली. इतरांसारखी रांग धरूनच ती आली होती, मागेही लोक होते.

"मी कुठे गेले?" तिने विचारलं.

"अं? आहेस की. बघ नीट, आपल्या घराच्या ओळीत."

"आपल्या घरात एक नदीकाठची बाई आहे. ती कोण?"

मागच्या म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. रकानेभाऊ पुढे वाकून हळूच म्हणाले, "अगं, घर ज्या रकान्यात, बायको त्या रकान्यात. एवढं काय त्यात?"

"हरकतीचा अर्ज द्या."

"घरी बोलू ना."

"अर्ज द्या," ती म्हणाली. त्यांच्यासमोर उभं राहूनच तिने तो भरला. 'हरकत कोणाविरुद्ध' या ओळीपुढे तिने वळणदार अक्षरात 'कारकून' असं लिहिलं. "पोच द्या," म्हणाली. रकानेभाऊंनी पोच दिली. शिक्क्यावर फुंकर मारायची तेवढी टाळली.

हरकत आली की घरी जाऊन, साक्षीदारासमोर सगळे प्रश्न पुन्हा विचारायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी रकानेभाऊ शिपायाला घेऊन स्वतःच्याच घरी गेले. सवयीने चपला काढून सरळ आत निघाले होते, तेवढ्यात अबोलीवहिनी म्हणाली, "बसा." दोघे पाहुण्यासारखे बाकावर बसले.

"जन्मगाव?"

तिने सांगितलं. त्यांना ते माहीत होतं, पण तिने उच्चारलं तसं नव्हतं. मधे एक हलकासा श्वास होता, तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"आईचं नाव?"

तिने सांगितलं. रकानेभाऊंनी ते दोनदा विचारून लिहून घेतलं. सासूला ते जन्मभर 'तुझी आई'च म्हणत आले होते.

"घरात बोलली जाणारी भाषा?"

"दोन. एक तुमच्याशी. एक भांड्यांशी."

शिपायाने खालमानेने मिशी चोळली.

"मुलांना मातृभाषा येते का? नसल्यास कारण?" हा प्रश्न छापलेला होता, म्हणून वाचला गेला. वाचून झाल्यावर रकानेभाऊंना आपली मुलगी आठवली. आता लग्न होऊन शहरात असते. पाळण्यात असताना हिने तिच्याशी काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली होती, आणि त्यांनीच म्हटलं होतं, "दोन-दोन भाषांनी पोरीचा गोंधळ होईल. राहू दे ते."

"लिहा," अबोलीवहिनी शांतपणे म्हणाली, "वडिलांनी नको म्हटलं."

शिपाई छताकडे बघू लागला. रकानेभाऊंनी लिहिलं. एकेक अक्षर नीट, जसंच्या तसं. खाली सही केली, शिपायाचा अंगठा घेतला आणि त्याला म्हणाले, "तू हो पुढे."

तो गेल्यावर रकानेभाऊंनी पेनाला टोपण लावलं.

"मला त्या नर्सबाईंचा हेवा वाटतो," रकानेभाऊ म्हणाले. "रात्रंदिवस वाटतो. खिडकीतून बघितलं मी. तू तिथे कशी असतेस, ते. माझ्यासमोर कधीच नव्हतीस तशी."

"मग विचारायचं होतं."

"काय विचारणार? मला वाटलं तू अशीच आहेस. शांत."

"मी?" ती म्हणाली. "माझी आई मला गप्प बसवायला तोंडात सुकं फळ कोंबायची." आणि ती हसली. पण थोडंसंच.

यादी दुरुस्त झाली. 'इतर'पुढे दोन लिहिलं गेलं. फळ्यावर ते बघताना रकानेभाऊंना पुन्हा आतून टोचलं, कारण हेवा काही खाडाखोड करून जात नाही.

त्यांनी भाषा शिकून पाहिली. नर्सबाईंनी चार वाक्यं शिकवली. ती ऐकून बायको म्हणाली, "तुम्ही बोललात की मला माझीच भाषा कळेनाशी होते." तो नाद सुटला. दुपारचं जाणं मात्र तिने बंद केलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा कुलपावरून कुरकुर केली नाही.

बदल झाला तो एवढाच. एका रविवारी सकाळी भाजी चिरताना ती आपल्या भाषेत काहीतरी बोलायला लागली. रकानेभाऊ समोर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांना वाटलं, भांड्यांशी चाललंय. वर बघितलं तर ती त्यांच्याकडे बघून बोलत होती. लांबलचक काहीतरी होतं, त्यात कुणीतरी पडलं होतं, कुणीतरी रडलं होतं. त्यांना एक अक्षर कळलं नाही. नर्सबाईंना सगळं कळलं असतं, हा विचार आलाच, आणि त्याने पूर्वीइतकंच दुखलं.

तरी त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ती थांबली की ते 'हं' म्हणत राहिले. एकदा 'हं' चुकीच्या जागी पडला, तेव्हा तिने चाकू रोखून त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, त्याच भाषेत. तेवढं मात्र त्यांना नीट समजलं.