सांध्यावरचे गुलाब

मी एका लग्नाचा व्हिडिओ बोलतोय. माझी आठवण पक्की असते असा लोकांचा समज आहे. मला तशी खात्री कधीच वाटली नाही. कॅमेऱ्यासमोर आलं तेवढंच मला ठाऊक, आणि त्यातलंही काही माझ्या पोटात असून मला माहीत नव्हतं.

अलका आणि चिन्मयचं लग्न हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या एका हॉलमध्ये झालं. सगळा सोहळा एका फाइलीत मावेना, म्हणून कॅमेरा न थांबता माझे तुकडे पाडत गेला. नेमका शेवटच्या मंगलाष्टकाला एक तुकडा संपला आणि दुसरा सुरू झाला.

अलकाचे वडील प्रतापराव यांचं अफझलगंजात बियाण्यांचं दुकान. मुलीनं आपलं आपण ठरवलेलं लग्न त्यांना पसंत नव्हतं. "तुझ्या मांडवात मी पाऊल ठेवणार नाही," असं ते बोलले होते. ते आले नाहीत, असंच सगळे धरून चालले. बापलेकीचं बोलणं तुटलं.

सुलतान बाजारातल्या स्टुडिओवाल्यानं माझे तुकडे जोडले आणि प्रत्येक सांध्यावर गरगर फिरणारे गुलाब सोडले. "जोडाँ नै दिखना बोलके फूलाँ डाल दिया, साब." गुलाब घालायचे तर चित्र नव्यानं घडवावं लागतं. त्या घडणीत मला इतकं आवळलं, की मागच्या रांगेतल्या चेहऱ्यांचे डाग झाले. अलकानं मला एकदाच पाहिलं.

मूळ तुकडे कॅमेऱ्याच्या एका कार्डावर होते. ते कार्ड बऱ्याच वर्षांनी सुईदोऱ्याच्या डब्यात सापडलं.

"आता मीच जोडतो," चिन्मय म्हणाला. "नवीन काही घडवायचं नाही. आहे तसं एकामागे एक लावायचं. कणभर बिघडत नाही."

"आणि गुलाब?"

"यात घालताच येत नाहीत."

"बरं झालं. चक्कर येत होती मला त्यांनी."

तो सांधा आला. कॅमेरा पाहुण्यांवरून फिरत दारापर्यंत गेला होता. दारात तपकिरी कोटातला एक माणूस, तोंडावर दस्ती, म्हणजे हातरुमाल, धरून उभा. "सावधान" झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. त्याची मूठ वर गेली, तिथेच थांबली आणि कोटाच्या खिशात शिरली. मग तो वळला आणि गेला.

अलकाचा हात माऊसवर तसाच राहिला. मी तर हबकून गेलो. हा माणूस माझ्यात होता, आणि इतकी वर्षं मी त्याच्यावर गुलाब फिरवत बसलो होतो?

"बाबा आहेत ना हे?"

"अर्धा चेहरा झाकलाय, अलका. कसं सांगू?"

तिनं तिथूनच फोन लावला. "बाबा, तुम्ही लग्नाला आला होता?"

"दुकान सोडून मी कुठं जातो काय? डोळे तपासून घे तुझे." मग हळूच, "घरी कधी येतीस?"

ती त्याच रविवारी गेली. येणंजाणं पुन्हा सुरू झालं, पण प्रतापरावांनी शेवटपर्यंत काही कबूल केलं नाही. मलाही शंका खात राहिली. तपकिरी कोट हैदराबादेत काय थोडे असतील? एका घराची समजूत मी चुकीच्या माणसावर तर बांधली नाही?

आता मी अलकाच्या लॅपटॉपमध्ये असतो. एवढंच मागणं आहे, की तुकडे जोडाल तेव्हा सांधा उघडा राहू द्या, आणि मूळ तुकडे टाकू नका.

प्रतापराव गेल्यावर त्यांचे कपडे वाटायला काढले. त्यातला तपकिरी कोट अलकानं माझ्याशेजारी टेबलावर ठेवून खिसा उलटा केला. शिवणीत कुंकवानं लाल झालेले तांदूळ अडकले होते.