गोल्डमधली फेरी

“सायकल विकणं हा सौदा, सायकलीची निगा राखणं हे जन्माचं नातं,” विक्रीचं प्रशिक्षण द्यायला आलेला ट्रेंट अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाला आणि त्याने जन्माच्या नात्याचा दरतक्ता भिंतीवर चिकटवला. नाती, म्हणजे सर्व्हिसिंगची पॅकेजं, तीन होती: स्वस्तातलं ब्राँझ, मधलं सिल्व्हर आणि सगळ्यात महाग गोल्ड.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या त्या दुकानात एकोणतीस वर्षं सायकली दुरुस्त करणारा लोवेल हॉगन मागच्या खुर्चीवर बसून नखांतलं ग्रीस काढत होता. “या महिन्यात एक तरी गोल्ड खपव, नाहीतर...” मालकाने सकाळीच बजावलं होतं. पुढचं वाक्य त्याने सौजन्याने गिळलं होतं.

“लोवेल, तू तर खजिन्यावर बसलायस की!” ट्रेंट कॉम्प्युटरमधल्या गिऱ्हाइकांच्या यादीत डोकावला. “आर्लीन ट्वेट. सहा वर्षं, दर एप्रिलला सिल्व्हर. हिला गोल्डवर चढव. आत्ता, सगळ्यांसमोर, फोन स्पीकरवर टाकून.”

“तिला नको.”

“का रे बाबा?”

“ती सायकल कोणी चालवत नाही.”

“मग तर उत्तमच. तक्रार यायची नाही.”

दुकानातले सगळे हसले. ट्रेंटने नंबर फिरवलासुद्धा.

सायकल गॉर्डन ट्वेटची. तो सहा वर्षांपूर्वी झोपेतच गेला. तेव्हापासून त्याची बायको आर्लीन दर वसंतात सायकल गाडीत घालून आणायची, यंदाही ठेवून गेली होती, आणि लोवेल स्वच्छ साखळी पुन्हा स्वच्छ करायचा. दोघंही त्यावर अवाक्षर काढत नसत. सगळं त्या न बोलण्यावरच उभं होतं.

“लोवेल? सायकलीला काही झालं का रे?” फोनवर आर्लीनचा आवाज आला.

“छे छे, तसं नाही.” ट्रेंटने छापील कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. शोकसभेत ठराव वाचावा तसं लोवेल वाचू लागला. “गोल्डमध्ये बेअरिंग धुऊन मिळतात. केबल नव्या. चाकं सरळ करून. शेवटी चाचणीची फेरी.”

“फेरी म्हणजे?”

“म्हणजे... मी चालवून बघतो.”



“मला बघायला येता येईल?”

ट्रेंट जोरजोरात मान डोलावत होता.

“या ना,” लोवेल म्हणाला.

“मग गोल्डच कर.”

ट्रेंटने टाळ्या वाजवल्या.

शनिवारी आर्लीन हातमोजे घालून फुटपाथवर उभी राहिली. गॉर्डन चांगला उंच होता. लोवेलचे पाय पेडलला जेमतेम पुरत होते. पण त्याने सीट खाली घेतली नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन तो वळून आला.

“तो वळताना हात दाखवायचा नाही,” ती म्हणाली. “किती बोलले मी त्याला. तू दाखवलास.”

लोवेल पुन्हा गेला. या वेळी हात न दाखवता वळला. मागच्या गाडीने शिवी हासडावी तसा हॉर्न मारला.

“हां,” आर्लीन म्हणाली. “अस्सा.”

चाचणीची फेरी सिल्व्हरमध्येही असते, अगदी ब्राँझमध्येही. सहाही वर्षं लोवेलने ती आर्लीनच्या नकळत मारली होती, दुकानामागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांपर्यंत.