पाण्याखालचा पूल

सान्वी तिसरीत गेली तरी तिला धड वाचता येत नव्हतं. अक्षरं ओळखायची, पण वाक्य समोर आलं की गाडी अडायची. दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या घरात संध्याकाळी इंग्रजीचं पुस्तक उघडलं की रडारड ठरलेली. तिची आई अक्षदा माजिवड्याच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. दिवसभर पेशंटांशी गोड बोलून घरी आली की लेकीसमोर मात्र तिचा आवाज चढायचा. "अगं, कालच वाचलेलास ना हा शब्द!" म्हणत शेवटी तो शब्द तीच वाचून टाकायची.

त्यात तिच्या भावाने, प्रीतमने, हातात धरून खेळायचा आपला जुना व्हिडिओ गेम भाचीला आणून दिला.

"इथे वाचायच्या नावाने बोंब, आणि तू हे देतोयस?" अक्षदा त्याच्यावर उखडलीच. गेम कपाटावर गेला.

डिसेंबरात सान्वीला कांजिण्या आल्या. शाळा बंद, खाली खेळायला जाणंही बंद. खाजवू नको, खाजवू नको म्हणून अक्षदा थकली आणि निदान पोरीचे हात गुंततील म्हणून तिने गेम खाली काढला.

त्यात एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत बेटावर उतरलेली. वाटेत म्हातारेकोतारे भेटायचे, एक बोलका खेकडा भेटायचा. पण आवाज कुणालाच नाही. सगळ्यांचं बोलणं पडद्यावर इंग्रजीत लिहून यायचं. सान्वी ते न वाचताच बटण दाबून पुढे पळायची आणि मुलगी नदीत पडायची. पडली की पुन्हा काठावर. पुन्हा पळायची, पुन्हा नदीत.

"आई, हा खेकडा काय म्हणतोय बघ ना!"

अक्षदा ओट्याशी भाकरीचं पीठ मळत होती. "हात भरलेत माझे. तूच वाच मोठ्याने."

"द... ब्रिज... इज... बे... बेन..."

अक्षदाला पडदा दिसत नव्हता, त्यामुळे शब्द सांगून टाकायची सोयच नव्हती. ती पीठ मळत राहिली. सान्वीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या खेपेला ते निघालं. "द ब्रिज इज बिनीथ द वॉटर. आई, बिनीथ म्हणजे काय गं?"

"खाली."

"म्हणजे पूल पाण्याखाली आहे! मग पाणीच काढायला पाहिजे!"

नदीच्या वरच्या अंगाला बंधाऱ्याचा दरवाजा होता. सान्वीने तो बंद केला, पाणी ओसरलं आणि खालून दगडी पूल वर आला. पोरगी पलंगावर उभी राहून नाचायला लागली.

अक्षदा पिठाच्या हातांनी तिच्याकडे बघत राहिली. आज ही कितीदा चुकली, पण एकदाही रडली नाही. त्या गेममध्ये चुकल्यावर कोणी हसत नव्हतं की उसासे टाकत नव्हतं. उसासे टाकणारी तर घरातच होती.

त्या दिवसापासून पुस्तक उघडलं की अक्षदा तोंड मिटून बसायला शिकली. सोपं नव्हतं ते. गेम बंद करायच्या वेळी भांडणंही होत. एकदा तर सान्वीने रागाने तो उशीवर आपटला आणि दोन दिवस तो पुन्हा कपाटावर गेला. पण अडलेल्या शब्दाशी झगडायची सवय तिला लागली.

मार्चमध्ये शाळेने पालकांना वर्गात बोलावलं. मुलांनी एकेक उतारा वाचायचा होता. सान्वी उभी राहिली, दोन ओळी वाचल्या आणि अडली. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. शब्द अक्षदाच्या ओठांवर आला होता. तिने ओठ घट्ट दाबले.

"थांबा टीचर, ही ओळ परत वाचते," सान्वी म्हणाली. आणि वाचली. पुढेही दोनदा चुकली, पण उतारा संपवूनच खाली बसली.

फाटकाबाहेर आल्यावर तिने विचारलं, "आई, तुला तो शब्द येत होता?"

"येत होता की."

"मग सांगितला का नाहीस?"

"तू पोचतच होतीस ना तिथे."

सान्वीला ते पटलं असावं. तिने आईचा हात धरला आणि भूक लागली म्हणत तिला समोशाच्या गाडीकडे ओढत नेलं.