मागच्या बुधवारची हवा

“अहो, आज आईला दवाखान्यातून सोडतायत. आज तरी वेळेवर याल ना? की आजही तुमची टेकडीच?”

बायकोचा फोन ठेवून हवा-निरीक्षण केंद्रातल्या निरीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. टेबलावर काचेच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या. दर बुधवारी त्या टेकडीच्या माथ्यावर न्यायच्या, तिथल्या मोकळ्या हवेनं भरायच्या आणि दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायच्या, हे त्यांचं काम. जगभर अशी कितीतरी केंद्रं आहेत. सगळ्यांचे आकडे वर्षानुवर्षं जुळवत गेलं, की कार्बन मोनॉक्साइडसारखे धुरातले वायू कुठे वाढतायत, कुठे घटतायत ते कळतं.

पण त्या दिवशी गुडघा ठणकत होता. ‘हवा ती हवा! इथली काय नि तिथली काय!’ असं स्वतःशीच म्हणत त्यांनी बाटल्या ऑफिसमागे, गाड्या लावतात तिथेच भरल्या. वर चिठ्ठी मात्र ‘माथा’ अशी लावली. सासूबाई वेळेवर घरी आल्या. बायको खूश!

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा फोन आला. “तुमच्याकडे वणवा वगैरे लागला होता का हो?”

“नाही सर. का?”

“कार्बन मोनॉक्साइड भलताच जास्त आलाय. वणवा नाही, म्हणजे चूक आमचीच, वाटलंच होतं. अख्खं यंत्र खोलून बसलोय. यंत्रावर नवीन मुलगी आहे, तिनंच हलगर्जीपणा केला असणार. काल सगळ्यांदेखत झापलं तिला, यंत्रावरून काढलंसुद्धा.”

“सर, कदाचित नमुनाच…”

“छे हो! तुमच्या बाटल्यांवर शंका? मनातही आली नाही.”

निरीक्षकांनी फोन ठेवून दिला. घरी त्यांनी ताट अर्धवट सोडलं. बायकोनं खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“त्या पोरीचा काय दोष?” ती म्हणाली. “आणि माझ्या आईचं नाव पुढे करू नका. जमत नाही म्हणाला असतात, तर मी टॅक्सी केली असती!”

सकाळी त्यांनी स्वतः प्रमुखांना फोन लावला आणि खरं ते सांगितलं.

“सर, मी आत्ता वर जातो. नवीन बाटल्या भरून पाठवतो.”

“मागच्या बुधवारची हवा आता कुठून आणाल?” प्रमुखांचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. “वारा रोज नवी हवा आणतो. त्या माथ्यावर जगाच्या वतीनं तुम्ही एकटेच होतात! आणि माफी माझी नका मागू. तिला देतो फोन.”

निरीक्षकांनी अडखळत माफी मागितली. ती मुलगी रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, “काका, आधीच्या बाटल्या तरी माथ्यावरच्याच होत्या ना?”

“हो! अगदी शपथेवर सांगतो!”

“बरं,” ती म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये विश्वास नव्हता, आणि तो मागायचं तोंडही निरीक्षकांना उरलं नव्हतं.

मुलीला तिचं यंत्र परत मिळालं. आलेखात त्या आठवड्याची जागा कोरी ठेवण्यात आली. पडताळणीसाठी आपल्यासोबत दुसरा माणूस द्यावा, अशी विनंती निरीक्षकांनी स्वतःच केली. आता गुडघ्याला पट्टा बांधून ते माथ्यावर जातात; जमणार नसेल तर तसं आधीच कळवतात.

मित्रहो, आपल्यावर डोळे मिटून विश्वास टाकणारा माणूस आपली चूक आपल्यात शोधत नाही. तो ती स्वतःत शोधतो, नाहीतर एखाद्या निरपराध्याच्या माथी मारतो. म्हणून काम टाळावंसं वाटलं, तर उघडपणे ‘नाही जमलं’ म्हणा. कोरी जागा जगाला चालते, खोटी भरलेली नाही!