गुलाबी झालेले आकडे

मित्रांनो, मी एक जुनी स्क्वीजी आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. शांत, गोड आवाजातली गोष्ट हवी असेल तर तुम्ही दुसऱ्या कुणाकडे जा. माझ्यावर आणि माझ्या ताईवर जो आळ आला, तो नुसता आठवला तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो, म्हणून मी सगळं रागातच सांगणार आहे.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं, खिडकीची काच पुसणारी कुणीतरी बोलतेय. कपड्यांवर छपाई करतात तिथे एका चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवलेली असते. चित्राचा किंवा आकड्याचा तेवढा भाग उघडा, बाकीची जाळी बंद. खाली शर्ट, वर घट्ट शाई. ती शाई एका दमात ओढत नेऊन जाळीतून शर्टावर उतरवते ती मी. माझी मूठ लाकडाची आहे आणि तिच्या खाचेत रबराची पट्टी बसवलेली आहे.

मला घडवलं ते दारं-खिडक्या करणाऱ्या एका सुताराने. उरलेल्या तुकड्यातून त्याने मला काढलं आणि ताईच्या हातात दिलं. ताईने मला धरून पाहिलं आणि परत केलं. "अंगठ्याला टोचतंय," ती म्हणाली. सुताराने कुरकुर करत तेवढ्या जागी आणखी रंधा मारला. तेव्हापासून मी ताईच्या हाताची झाले. दुसऱ्या कुणी उचललं की मला परक्याच्या घरी जेवायला बसवल्यासारखं होतं.

दुकान ताईचं आणि तिच्या धाकट्या भावाचं. एका इमारतीच्या तळमजल्यावरची लांबट खोली, पुढे गिऱ्हाइकांसाठी टेबल, मागे छपाई आणि अगदी शेवटी जाळ्या धुवायची मोरी. भावाला सगळे बाळ्या म्हणतात. त्याला टक्कल पडायला लागलं, तरी तो बाळ्याच राहिला. गिऱ्हाइकांशी बोलणं आणि माल आणणं बाळ्याकडे, छपाई ताईकडे. बाळ्या वाईट नाही. पण त्याची जीभ त्याच्या आधी दारापर्यंत पोचते.

आता शायांचं सांगते. मित्रांनो, मी जितक्या शाया ओढल्या तितक्या तुम्ही पाहिल्याही नसतील. पाण्याची शाई अंगाला हलकी, कपड्यात अशी मुरते की हाताला लागतसुद्धा नाही. पण भलती तापट! जरा पाठ फिरवली की जाळीतच वाळून बसते आणि भोकं बंद करून टाकते. प्लास्टिकची शाई तिच्या उलट. दिवसभर डबा उघडा ठेवा, ढिम्म हलत नाही. तिला गरम यंत्राखालून काढलं तरच ती पक्की होते. सोनेरी शाईचा तोरा मोठा आणि टिकाव कमी. आणि फुगणारी म्हणून एक शाई असते, तिच्याबद्दल मी बोलतच नाही.

या सगळ्यांची पारख करायची ताईची एक रीत होती. नवी शाई आली की ती एकाच जाळीवर डावीकडे जुनी आणि उजवीकडे नवी शाई घालायची आणि मला एकदाच ओढायची. हात एक, जोर एक, फडकं एक. म्हणजे कुणाची बाजू घ्यायला वावच नाही. मग ते फडकं तापवायचं, धुवायचं, दोन्ही हातांनी ताणायचं. जी तडकली ती घरी. ही रीत मला फार आवडायची. मात्र पारखीची फडकी नेहमी एकाच खोक्यातून यायची. शेजारचा शिंपी उरलेले तुकडे त्यात आणून टाकायचा, आणि त्याच्याकडे शिवायला येई ते सगळं सुती.

एक दिवस शाईवाले काका पांढऱ्या प्लास्टिकच्या शाईचा नवा डबा घेऊन आले. "ताई, ही बघा. दुधानं लाजावं अशी," ते म्हणाले. आमच्याकडची जुनी पांढरी शाई जरा मळकट दिसायची, करडेपणाकडे झुकलेली. नेमकं त्याच वेळी एका शाळेच्या खेळाच्या बाईंचं काम आलेलं होतं. मुलींचा फुटबॉलचा संघ, लाल जर्सी, पाठीवर पांढरे आकडे. मुली पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचल्या होत्या आणि आजवर त्या कुणाच्या तरी उतरलेल्या शर्टांवर खेळल्या होत्या. बाईंनी जर्सी टेबलावर ठेवल्या त्या एखादं तान्हं मूल ठेवावं तशा.

ताईने खोक्यातून लाल फडकं काढलं आणि दोन्ही शाया ओढल्या. नवी झळाळली. तिच्याशेजारी जुनी अगदीच बापुडवाणी दिसू लागली. धुऊन पाहिलं, ताणून पाहिलं, नवी कुठेच हरली नाही. "ठरलं," बाळ्या म्हणाला. "ठरलं," ताईही म्हणाली. फडकं सुती आणि जर्सी पॉलिस्टरची, हे दोघांच्या ध्यानातच आलं नाही. लाल म्हणजे लाल, असं दोघांनीही धरलं. चूक दोघांची, अर्धी अर्धी. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ती वाटणी फार बदलली.

छपाई देखणी झाली. ताईने मला तिरकं धरून सगळ्या जर्सी एका लयीत छापल्या आणि गरम यंत्राखालून काढल्या. शेवटी गोलरक्षक मुलीची एकटी हिरवी जर्सी होती, तिच्यावरही तसाच आकडा उमटवला. खेळाच्या बाई आल्या, त्यांनी आकड्यांवरून हात फिरवला आणि त्या हसल्या. ताईने मला धुतलं, पुसलं, रबराची कड नाकाशी धरून वास घेतला आणि खिळ्याला टांगलं. वास राहिला म्हणजे शाई राहिली, असं ती मानते. एकदाही चुकत नाही.

आणि मग बाई गठ्ठा घेऊन परत आल्या.

त्यांनी जर्सी टेबलावर पसरल्या. आकडे गुलाबी झाले होते! एखाद्या मुलाने आजारपणात घेतलेल्या औषधासारखा फिकट, आजारी गुलाबी. "दिल्या तेव्हा पांढरे होते. दुसऱ्या दिवशी असे," बाई म्हणाल्या. "सामना तोंडावर आलाय. मुलींना मी काय सांगू?"

ताई पुढे झाली, जर्सी हातात घेतली, आकडा नखाने खरवडून पाहिला. कारण शोधायला तिला वेळ तर द्याल? पण बाळ्याची जीभ दारात पोचली होती.

"ताईनं स्क्वीजी नीट धुतली नसणार, मॅडम," तो म्हणाला. "आदल्या दिवशी लाल छापत होतो ना आम्ही. रबरात लाल राहिलं असेल. जुनी झालीय ती."

मित्रांनो, मी खिळ्यावर टांगलेली होते म्हणून, नाहीतर मी काय केलं असतं! जुनी झालीय ती? माझ्या रबरात लाल? जिने मला आयुष्यात एकदाही मळकं टांगलं नाही, तिच्या तोंडावर, परक्या माणसासमोर, असं बोलायचं? बाईंनी ताईच्या हातांकडे पाहिलं. फक्त पाहिलं. पण ताईने ते हात पाठीमागे नेले. ते मी कधी विसरणार नाही.

"मी धुतली होती," ताई म्हणाली.

"अगं, होतं असं कधी कधी. कबूल करायला काय जातंय?" बाळ्या हसत म्हणाला. समजूतदार बनून हसत! चोर तो चोर, वर शिरजोर.

ताईने एप्रन काढला, घडी घातली आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आणि माझं काय झालं ते ऐका. बाळ्याने मला खिळ्यावरून काढलं आणि मोरीतलं पाणी लोटायला घेतलं. मला! जिने केसाएवढी रेघ न हलवता उमटवली, ती मी आता फरशीवरचा साबणाचा फेस ढकलत होते. काम झालं की तो मला बादलीत उभी करायचा, रबर खाली. रबर खाली करून कुणी स्क्वीजी ठेवतं का? कड वाकते, कायमची.

त्याच बादलीतून मी पुढचं पाहिलं. दुपारी खेळाच्या बाई पुन्हा आल्या. "ही एक राहिली होती, गोलरक्षकाची," म्हणून त्यांनी हिरवी जर्सी टेबलावर ठेवली आणि घाईने गेल्या. बाळ्याने ती उलगडली.

तिच्यावरचा आकडा गुलाबी नव्हता. तो हिरवट झाला होता.

बाळ्या खाली बसला. तो त्या आकड्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यालाही कळलं. रबरात लाल राहिलं असतं तर हिरव्यावर हिरवट कसं उमटलं असतं? रंग वरून आलाच नव्हता. तो खालून आला होता, कापडातून. पॉलिस्टरचा रंग तापल्यावर सुटतो आणि हळूहळू वरच्या शाईत चढतो. नवी शाई दिसायला गोरीपान, पण तिने त्याला मुकाट्याने वाट दिली. सुती फडक्याने हे कधी दाखवलंच नसतं.

मला वाटलं, आता हा उठेल, चपला घालेल आणि धावत ताईकडे जाईल. मित्रांनो, तो उठला खरा. त्याने हिरव्या जर्सीची नीट घडी केली आणि ती गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सरकवली. मग गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायला लागला. मला तोंड असतं तर मी अख्खी इमारत गोळा केली असती. पण वस्तूला तोंड नसतं, म्हणूनच तर तिच्यावर ढकलणं इतकं सोपं जातं.

पण आकडे आपोआप पांढरे होणार नव्हते. जुन्या आकड्यावर नवा आकडा तंतोतंत बसवायचा, तर हात ताईचाच हवा. शेवटी बाळ्याने तिला फोन केला. "ताई, ये ना. माझ्यासाठी नको, त्या मुलींसाठी ये."

ताई आली, पण त्याच्याशी बोलली नाही. खिळा रिकामा दिसला तशी तिने इकडेतिकडे पाहिलं आणि थेट मोरीकडे आली. मला बादलीतून उचललं, वाकलेली कड अंगठ्याने चाचपली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी कुणी रडलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. तिने रबर खाचेतून ओढून काढलं, उलटं केलं आणि दुसरी, कोरी कड खाली घेऊन पुन्हा बसवलं.

मग, पारखीला एखादी जर्सी घ्यावी म्हणून, तिने गठ्ठा उचलला. वरच्या जर्सी नकोत, खालची बरी, म्हणून तळाची ओढली. हिरवी हातात आली.

ती आकडा बघत राहिली.

"बाळ्या," ती म्हणाली, "आदल्या दिवशी मी हिरवं काय छापलं होतं रे?"

बाळ्याने मान खाली घातली.

"तुला कधी कळलं?"

"ही आली तेव्हाच."

"मग फोन का नाही केलास?"

"बाईंसमोर बोलून बसलो होतो गं. आता कुठल्या तोंडानं सांगू? चुकलो, ताई. तुझ्या पाया पडतो."

"माझ्या पाया नको पडू," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तू मला इथे एकटीला बोलला नव्हतास. ज्यांच्यासमोर बोललास त्यांना सांग. नाहीतर आकडे मी छापून देते, आणि उद्यापासून छपाईही तूच सांभाळ."

त्या दिवशी ताईने पारख नव्याने केली. एका जर्सीच्या आतल्या दुमडीवर, बाहेरून दिसू नये अशा जागी, नवी शाई आणि जुनी मळकट शाई शेजारी शेजारी ओढल्या, तापवल्या आणि तशाच ठेवल्या. सकाळी नवी गुलाबी झाली होती. जुनी होती तशीच, मळकट आणि पांढरी. जिला आम्ही बापुडवाणी म्हटलं, तिने कापडाचा रंग वर येऊच दिला नव्हता. मग गुलाबी आकड्यांवर आणि त्या एका हिरवट आकड्यावर आम्ही दोघींनी तीच ओढली. एकही कड इकडची तिकडे झाली नाही.

खेळाच्या बाई आल्या. आकडे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या गठ्ठा उचलणार, तोच ताईने त्यावर हात ठेवला आणि बाळ्याकडे पाहिलं.

बाळ्याचे कान लाल झाले. "मॅडम," तो पुटपुटला, "ते स्क्वीजीचं..."

"ऐकू येत नाही," ताई म्हणाली.

"स्क्वीजी स्वच्छ होती, मॅडम," बाळ्या मोठ्याने म्हणाला. "ताईनं धुतलेली होती. आम्ही शाई दुसऱ्या कापडावर बघितली, ती चूक आमची. आणि ताईला बोललो, ती माझी एकट्याची. मला मागेच कळलं होतं."

बाईंनी पुन्हा ताईच्या हातांकडे पाहिलं. या वेळी ताईने ते लपवले नाहीत. बाई म्हणाल्या, "मी पण तेव्हा खरंच धरलं होतं. माफ करा."

ताईने गठ्ठा त्यांच्या हातात दिला.

माझी माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही, आणि मित्रांनो, मी तेवढ्यासाठी अडून बसलेली नाही. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातल्या, शाळेतल्या, कामाच्या वस्तू धुऊन-पुसून जागच्या जागी ठेवा, आणि काही बिघडलं की मुकाट राहणाऱ्यावर लगेच बोट दाखवू नका. आणि घाईत दाखवलंतच, तर चारचौघांत दाखवलेलं बोट घरात गुपचूप मागे घेऊ नका. ज्यांच्यासमोर दुसऱ्याला मान खाली घालायला लावलीत, त्यांच्यासमोर जाऊन ती आधी वर करा.